सहा वाजता उघडणारं स्वयंपाकघर

एखाद्याचं चारचौघांत नाव घेऊन कौतुक करण्याआधी तुम्ही त्याला विचारता का?

मी विचारत नसे. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करतात. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले आणि शाळेची गणितं त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. बाबांचा एक नियम आहे: पत्रकात ‘काही लोक’, ‘संबंधित व्यक्ती’ असं लिहायचं नाही. ज्याने अन्याय केला त्याचं नाव लिहायचं, आणि ज्याने धीर दाखवला त्याचंही लिहायचं. हा नियम बरोबर घेऊन मी या उन्हाळ्यात अमेरिकेला गेले. तिथे तो अंगलट आला, आणि माझ्या नव्हे, दुसऱ्याच बाईच्या. यातली नावं बदलली आहेत, मोटेलचं नाव तर दिलेलंच नाही. ज्यांनी तिथले पोहे खाल्लेत त्यांना ते लगेच ओळखू येईल.

ट्रॉय

ट्रॉय हे डेट्रॉइटचं उपनगर. तिथे माझी मावशी राहते, तिच्याकडे मी उतरले होते. मावसबहीण सई तिथेच जन्मली, फिजिओथेरपिस्ट आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि मध्येच ‘अगं’सारखा एखादा शब्द नेमका पडतो.

मावशीच्या शेजारच्या गल्लीत नलूकाकू मुलाकडे राहतात. वय शहात्तर, मूळच्या नागपूरच्या. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी ह्यूरॉन सरोवराच्या काठी जवळपास तीस वर्षं एक मोटेल चालवलं. एका ओळीत अठरा खोल्या, टोकाला ऑफिस, ऑफिसच्या मागे पाण्याकडे उघडणारं मोठं स्वयंपाकघर. काकांना अर्धांगवायू झाला, मुलाला मोटेल नको होतं, तेव्हा ते दोन वर्षांपूर्वी एका कंपनीला विकलं. नंतर काका गेले. काकू त्यानंतर तिकडे फिरकल्या नव्हत्या.

मावशीकडे जेवताना या मोटेलचा विषय निघाला की सगळे एकदम बोलायला लागत. आजूबाजूच्या गावांतली मराठी कुटुंबं दर उन्हाळ्यात तिथे जायची, आणि त्यांची मुलं मोठी झाल्यावर आपापली मुलं घेऊन जायची. सगळ्यांच्या बोलण्यात यायची ती स्वयंपाकघरातली पाटी. तिच्यावर खडूने लिहिलेलं असायचं की कोणत्या दिवशी कुणाची पाळी. ज्या कुटुंबाची पाळी, त्याने सकाळी साऱ्या मोटेलसाठी नाश्ता करायचा आणि बाकीच्यांनी भांडी घासायची. यात मासे धरायला येणारी अमेरिकन गिऱ्हाइकंही आपोआप ओढली गेली. एक म्हातारा कोळी म्हणे दर वर्षी उपवासाच्या दिवशीच यायचा, साबुदाण्याच्या खिचडीसाठी. ती पाटी लिहायची डोना. ती त्याच गावची, खोल्यांची साफसफाई करणारी, आणि वीस वर्षांत त्या स्वयंपाकघराची अर्धी मालकीण झालेली.

“मी एकदा जाऊन डोनाला बघून येते म्हणते,” काकू म्हणाल्या. सईने लगेच फोन काढला आणि तीन दिवसांची खोली बुक केली.

निघताना काकूंच्या सामानात कपड्यांची एक लहान पिशवी होती. दुसऱ्या मोठ्या पिशवीत जाड पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता आणि डोनासाठी भाजणीच्या चकल्यांचा डबा. गाडीत बसल्यावर त्यांनी उजव्या हाताचा पंजा माझ्यापुढे धरला. मिशिगनचा नकाशा पंजासारखा दिसतो, म्हणून तिथले लोक आपलं गाव हातावर दाखवतात. काकूंनी तर्जनीच्या मधल्या पेरावर बोट ठेवलं. “इथे,” त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या पेरावर राहिल्या होत्या.

पहिला दिवस

सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा आहेत, वाळू आहे, बगळ्यांसारखे पांढरे पक्षी आहेत, आणि वारा तोंडावर येतो तेव्हा ओठांना मीठ लागत नाही. मला ते शेवटपर्यंत खोटं वाटत राहिलं.

ऑफिसात कुणी नव्हतं. टेबलाच्या जागी भिंतीत एक स्क्रीन होता, त्यावर आकडे दाबायचे, की किल्लीचं कार्ड बाहेर येतं. सईने आकडे दाबले, कार्ड आलं. काकू मात्र तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पूर्वी जिथे टेबल असावं त्या उंचीवर.

“काकू, चला. नो वन इज कमिंग.”

“येईल ना कुणीतरी,” काकू म्हणाल्या. “कुणी आलं की विचारायला हवं, प्रवास कसा झाला.”

त्या गिऱ्हाईक म्हणून उभ्या होत्या की मालकीण म्हणून, मला कळलं नाही. दोनेक मिनिटांनी त्या स्वतःच वळल्या.

जे खरं ते लिहायला हवं. नव्या कंपनीने गाद्या बदलल्या आहेत आणि त्या उत्तम आहेत. गरम पाणी लगेच येतं, इंटरनेट अडकत नाही. काकांच्या काळी पावसात गळणारी सात नंबरची खोली आता गळत नाही. पण अठराही दारं एकाच राखी रंगाची झाली आहेत. बाहेरच्या खुर्च्या, ज्यांवर बसून लोक तासन्‌तास गप्पा मारत, त्या नाहीत. सकाळचा नाश्ता दाराच्या मुठीला कागदी पिशवीत टांगलेला असतो: एक सफरचंद, ओट्सची एक वडी, पाण्याची लहान बाटली. तुम्ही कुणाचं तोंड न बघता येऊ शकता, राहू शकता आणि जाऊ शकता. स्वयंपाकघराच्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी आणि खाली जुनंच कुलूप.

डोना अकरा नंबरच्या खोलीतून चादरींचा ढीग घेऊन बाहेर आली. उंच, हडकुळी, पांढऱ्या केसांची शेपटी, दंडावर पट्ट्याने बांधलेला फोन. काकूंना पाहून तिने ढीग जमिनीवर टाकला आणि त्यांना मिठी मारली. मिठीत असतानाच तिचा दंड गुणगुणला.

“नलू, माझ्याबरोबर चालत राहा,” ती म्हणाली. “मला थांबता येत नाही.”

खोलीत पाऊल टाकलं की फोनवर वेळ मोजायला सुरुवात होते, बाहेर पडताना बटण दाबायचं, मग तो पुढची खोली सांगतो. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आपण घड्याळात किती वाजले सांगतो तसं सांगितलं. काकू तिच्या मागोमाग बारा नंबरमध्ये गेल्या. मी दाराशी उभी होते. डोनाने चादर झटकली, आणि काकूंनी न बोलता पलीकडची दोन टोकं धरली. दोघींनी कोपरे दुमडले, उशांच्या खोळी चढवल्या, पांघरुणावरून एकाच वेळी हात फिरवला. एवढ्या वेळात कुणी कुणाला ‘इकडे’ किंवा ‘जरा वर’ असं म्हटलं नाही.

“विकताना मी त्यांना म्हटलं होतं, डोना इमारतीबरोबर येते,” काकू बाहेर आल्यावर मला म्हणाल्या. “हसून हो म्हणाले.”

त्यांनी शब्द पाळला होता, डोना कामावर होती.

जाता जाता डोनाने खिशातून एक जुनी पितळी किल्ली अर्धवट बाहेर काढून आम्हाला दाखवली आणि परत आत सरकवली. “उद्या सहाला,” ती म्हणाली.

दुसरा दिवस

या किनाऱ्यावर सूर्य पाण्यातून उगवतो. सहा वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीत तो नेमका समोर होता. डेट्रॉइटजवळच्याच नोव्हायहून आलेलं पाटणकर कुटुंबही हजर होतं. श्री. पाटणकर पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत, लहानपणीच्या वाड्याबद्दल बोलावं तसे ते या मोटेलबद्दल बोलतात. सगळे दबक्या आवाजात बोलत होते, तरी कुणाला भीती वाटत नव्हती. लपूनछपून सहलीला आल्यासारखा उत्साह होता.

फ्रीजच्या मागे भिंतीकडे तोंड करून पाटी उभी होती. डोनाने ती ओढून काढली, फडक्याने पुसली आणि खडूने लिहिलं: ‘नलू, पोहे’. मग तिने स्वतःच कढईत तेल घातलं आणि मोहरी तडतडायची वाट बघत उभी राहिली. मी हिंग पुढे केला तर हातानेच थांबवलं. अजून नाही. मोहरी पूर्ण फुटू दे. हे तिला काकूंनी शिकवलं होतं आणि आता ती मला शिकवत होती. पोहे झाले, ओलं खोबरं नव्हतं म्हणून काकू हळहळल्या, चकल्या निघाल्या, पाटणकरांनी चहा केला आणि सईने न सांगता भांडी घासली.

“यार, काय पोहे झालेत,” पाटणकर म्हणाले. “आजच फाइव्ह स्टार टाकतो. डोनाचं नाव घेऊन टाकतो.”

डोना कढई घासत होती. हे इंग्रजी शब्द तिने ऐकले की नाही, माझं लक्ष नव्हतं. मला ती कल्पनाच इतकी पटली होती.

दुपारी सई आणि काकू जवळच्या खेड्यात धुरी दिलेले मासे बघायला गेल्या. काकू खात नाहीत, पण दुकानदार ओळखीचा. मी लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसले आणि फोनवर लिहू लागले. ज्या संकेतस्थळावर लोक हॉटेलांना तारे देतात तिथे. मी तास-दीड तास लिहीत होते. कुलूप लिहिलं, कागदी पिशवी लिहिली, दंडावरचा फोन लिहिला. माणसाला मिनिटांत मोजणाऱ्या मालकांचा मी समाचार घेतला. आणि शेवटी, नियमाप्रमाणे, धीर दाखवणाऱ्याचं नाव: डोना, पूर्ण आडनावासकट, जी नियम झुगारून सकाळी सहाला स्वयंपाकघराचं कुलूप उघडते. खिडकीपाशी उभ्या डोनाचा फोटोही जोडला. परत आल्यावर सईला वाचायला दिलं.

“स्ट्राँग आहे,” ती म्हणाली. “बट गुड.”

मी पाठवून दिलं. पत्रक वाटून घरी आल्यावर बाबा जसे समाधानाने हातपाय धुतात, तसे मी सरोवरात पाय धुतले.

तिसरा दिवस

शनिवारी व्यवस्थापक येतो. टायलर त्याचं नाव, वय माझ्याएवढंच. अशी चार मोटेलं त्याच्याकडे आहेत आणि तो आठवडाभर त्यांच्यामधल्या रस्त्यांवर असतो. नऊ वाजता आला, डोनाशी काहीतरी बोलला आणि गाडीत जाऊन टाइप करत बसला. डोना कपडे धुण्याच्या खोलीत गेली. काकू तिच्यामागे गेल्या, आणि मी काकूंच्या मागे.

डोनाने कपाटातून दोन कागद काढून काकूंच्या हातात दिले. काकूंनी चष्मा लावून पहिला वाचला, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, “ही तर आपली सुनीता.” सुनीता म्हणजे त्यांच्या ओळखीतली ट्रॉयचीच बाई. तिने मागच्या उन्हाळ्यात भरभरून लिहिलं होतं: डोना आंटी म्हणजे या जागेचा जीव, अजूनही आमच्यासाठी सहाला स्वयंपाकघर उघडून देते, पाच तारे. कंपनीने तो मजकूर तसाच छापला होता, ‘स्वयंपाकघर उघडून देते’ खाली रेघ मारली होती आणि शेवटी सहीसाठी जागा. डोनाची सही होती. दुसरा कागद तसाच, फक्त दुसरं मराठी आडनाव.

मग डोनाने सगळं सांगितलं. अभिप्रायांत कर्मचाऱ्याचं नाव आलं की कंपनीचा संगणक ते वेगळं काढतो. कौतुक की तक्रार, हे त्याला महत्त्वाचं नाही. दर सोमवारी सकाळी यादी मुख्य कार्यालयात जाते. तिसऱ्या कागदाला नोकरी जाते. ऑक्टोबरमध्ये डोनाला पासष्ट पूर्ण होतील आणि सरकारी आरोग्यविमा मिळेल. तोवरचा विमा या नोकरीचा आहे. वसंतात तिच्या हृदयावर उपचार झालेत, दर महिन्याला तपासणी असते. ऑक्टोबरपर्यंत तिला फक्त टिकून राहायचं होतं. त्या देशात माणसाचं हृदय तपासायचं की नाही, हे त्याचा मालक कोण यावर ठरतं. ही ओळ मी कुठल्याही पत्रकात ठळक अक्षरांत छापली असती, पण त्या खोलीत तिचा उपयोग नव्हता.

“टायलर म्हणतो, कालपासून काहीतरी नवं आलंय,” डोना म्हणाली. “त्याने उघडून पाहिलं नाही. सोमवारपर्यंत बघणार नाही म्हणाला.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “मी लिहिलंय,” मी म्हटलं. “तुमचं आडनावसुद्धा आहे.”

डोनाने वाळलेला टॉवेल उचलून घडी घातली. “छानच लिहिलं असशील,” ती म्हणाली. “काढून टाक, राणी.”

मी तिथेच उभ्या उभ्या काढलं. दीड तास लिहिलेलं जायला दोन बोटं आणि एक ‘नक्की का?’ एवढंच लागलं. तो ‘नक्की का?’ पाठवण्याआधी कुणी विचारला नव्हता, मीही नाही.

बाहेर टायलर गाडीला टेकून सँडविच खात होता. मला भांडायचं होतं, आणि मी त्याच्यापाशी जाऊन विचारलं की कुलूप का. त्याने शांतपणे सांगितलं की स्वयंपाकघराचा परवाना कंपनीने घेतला नाही, आग लागली तर विमा मिळणार नाही. मग तो सरोवराकडे बघत म्हणाला, “मी पाहिलं तर मला लिहावं लागतं. म्हणून मी नऊला येतो.”

बाबांच्या नियमाप्रमाणे पत्रकात नाव घ्यायचं तर कुणाचं? याचं? संगणकाचं? मुख्य कार्यालयात सोमवारी यादी उघडणाऱ्या, ज्याने हे सरोवर कधी पाहिलं नसेल अशा कुणाचं? राग खरा होता, त्याच्यावर लिहायला पत्ता नव्हता. ज्या एकमेव माणसाचं नाव मला पुरतं माहीत होतं, तिचंच मी देऊन बसले होते.

फोन

काकूंनी उरलेला दिवस मोटेलच्या पायरीवर बसून काढला. त्यांच्याकडे जुनी वही होती, तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन असलेली. सई आणि मी संकेतस्थळावर डोनाचं नाव शोधत होतो, काकू लिहिणाऱ्यांना फोन करत होत्या. पाटणकर पंधरा नंबरमध्येच होते. त्यांनी कालच फोटोसकट टाकलं होतं. ते कपाळाला हात लावून बसले आणि त्यांनी लगेच काढलं.

सगळे इतके पटकन ऐकत नव्हते. एका बाईंचं म्हणणं काकूंच्या बोलण्यावरून कळत होतं: पण काकू, पॉझिटिव्ह आहे ना ते, आम्ही तिच्यासाठीच लिहिलंय.

“हो गं बाई,” काकू म्हणाल्या. “प्रेमाने लिहिलंयस, ठाऊक आहे मला. प्रेमानेच काढ.”

सुनीताला त्यांनी सगळ्यात शेवटी फोन लावला. तिला त्या कागदाबद्दल काही सांगितलं नाही. फक्त काढ म्हणाल्या आणि नातवंडांची चौकशी केली. मी विचारलं, तिला कळायला नको का? काकू म्हणाल्या, “तिची रेघ मारून झाली. आता तिला रडवून डोनाला काय मिळणार आहे?” बाबा इथे माझ्याशी सहमत झाले असते. मला आता खात्री नाही की आम्ही दोघं बरोबर आहोत.

संध्याकाळपर्यंत नऊ अभिप्राय गेले. चार उरले. त्यांच्या मालकांचे फोन बदललेत, किंवा त्यांनी टोपणनावाने लिहिलंय. ते जुने आहेत, संगणकाने अजून धरले नाहीत, पण डोना म्हणते की तो अधूनमधून मागचंही चाळतो.

रविवारी निघताना डोना दाराशी आली. तिने पितळी किल्ली काकूंच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं वरून मिटवली. किल्ली मुळात काकूंचीच होती, विक्रीच्या दिवशी त्यांनी तिला दिलेली. “ऑक्टोबरपर्यंत सांभाळ,” डोना म्हणाली. सईने पाटी चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली. ‘नलू, पोहे’ अजून तिच्यावर होतं. मग डोनाचा दंड गुणगुणला आणि ती चार नंबरकडे वळली.

परत आल्यावर

सोमवार कागदाशिवाय गेला. पुढचा सोमवारही. काकू दर सोमवारी दुपारी डोनाला फोन करतात आणि हवेबद्दल बोलतात. मी आता इचलकरंजीत आहे. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की पत्रकावर कामगाराचं नाव घालण्याआधी ते नेहमी त्याच्या घरी जाऊन यायचे. मला ते ठाऊक नव्हतं. मी फक्त छापलेलं वाचलं होतं.

हा लेखही मी तसाच पाठवलेला नाही. सईने तो फोनवर डोनाला इंग्रजीत पूर्ण ऐकवला. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही त्या सरोवराकाठी राहिला असाल, त्या खिडकीपाशी कुणाच्या तरी पाळीचा नाश्ता केला असेल आणि नंतर घरी येऊन प्रेमाने चार ओळी लिहिल्या असतील, तर त्या उरलेल्या चारांपैकी एक तुमची असू शकते. हे वाचून झाल्यावर लगेच फोन उघडा, तिचं खरं नाव शोधा आणि तुमचा मजकूर काढून टाका. तुम्ही तिथे कधीच गेला नसाल, तर तुम्ही शेवटचं ज्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन कौतुक लिहिलंत ते एकदा परत वाचा, आणि त्याने तुमच्यासाठी कोणता नियम मोडला हे त्यात लिहिलेलं असेल तर ते वाक्य पुसा.

ऑक्टोबर उलटला की मी कळवेन. मग तिचं नाव लिहा, आडनावासकट, हवं तितक्या वेळा. तोवर पुसा.